पहिले दहा दिवस

नमस्कार, श्रोतेहो.

सुट्टी संपत आली. जूनच्या मध्यावर आपल्या शाळा उघडतील. विदर्भात ऊन उशिरा उतरतं, म्हणून तिकडची घंटा जरा मागाहून होईल. तोरणं लागतील, प्रवेशोत्सव होईल, पहिलीच्या मुलांच्या हातात बालभारतीची कोरी पुस्तकं पडतील. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दहा दिवसांबद्दल, आणि मुख्यतः प्राथमिक शाळेतल्या गुरुजींशी आणि बाईंशी.

नोकरीला लागलो तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी पहिला पाठ उघडायचो. अभ्यासक्रम मागे पडेल ही धास्ती. एका वर्षी चौथीच्या वर्गाला 52 वजा 27 हे गणित घातलं. एका मुलीनं उत्तर लिहिलं, 35. मी फुली मारली आणि पुढे गेलो. दिवाळी आली तरी तिच्या वहीत तसलीच उत्तरं. शेवटी एकदा तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, "कसं केलंस, सांग बरं." ती म्हणाली, "सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन." मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढं तिनं पक्कं धरलं होतं आणि मनापासून पाळत होती. हे मला जूनमध्येच कळलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

मग काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाच जुड्या, दोन सुट्या काड्या. त्यातल्या सत्तावीस मला दे. दोन सुट्यांतून सात निघेनात, तेव्हा तिनं आपण होऊन एका जुडीचं रबर सोडलं. हातचा म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी दिसलं.

तेव्हापासून पहिल्या दहा दिवसांत मी प्रत्येक मुलाला पाच-सात मिनिटं एकट्याला घेतो. एक उतारा वाचायचा, दोन गणितं माझ्यासमोर मोठ्यानं बोलत सोडवायची. तेवढा वेळ बाकी वर्ग चित्रं काढतो किंवा गोष्टीची पुस्तकं चाळतो. द्विशिक्षकी शाळेत हे अवघड जातं, मला ठाऊक आहे. तिथे मोठ्या मुलांना लहानांजवळ बसवावं लागतं. पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस शाळा भरते. त्यातले हे दहा दिवस वाया जात नाहीत.

वह्या कुठे ठेवायच्या, पाणी प्यायला कधी उठायचं, हेही नुसतं सांगून भागत नाही. करून दाखवायचं, मुलांकडून दोन-तीनदा करवून घ्यायचं. पाढ्यांची उजळणी घेतो तशीच ही उजळणी.

आणि रोज परिपाठ झाला की पाच मिनिटं पुस्तक मिटून आठवायचं. काल काय शिकलो? गेल्या आठवड्यात काय झालं? उत्तर मुलांनी आधी पाटीवर लिहायचं, मग सगळ्यांनी पाट्या वर धरायच्या. नुसते हात वर करायला लावले तर नेहमीची चार मुलंच बोलतात, आणि मागच्या रांगेतलं कोण कुठे अडलंय ते आपल्याला दिसत नाही. आठवायला जरा कष्ट पडले की ते जास्त टिकतं, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

पाड्यावरच्या शाळेतल्या शिक्षकांशी आणखी थोडं. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली पालघरकडच्या बोर्डी गावात काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आपणही तसंच मुलाच्या जवळ जायचं, त्याच्या भाषेतून. पहिलीतलं मूल घरी कातकरी किंवा पावरी बोलत असेल, तर त्याच्या भाषेतले पंचवीस-तीस शब्द आधी आपण शिकून घ्यावेत. पाणी, भूक, आई, दुखतंय, घरी जायचंय. हे शब्द शिकवायला त्याच वर्गातली मुलं किती उत्साहानं पुढे येतात, ते एकदा पाहाच.

यंदा माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. मुलांची नावं हजेरीवरून उतरवून घेतली आहेत, रोज संध्याकाळी वाचतो. काड्याही उन्हात वाळवून ठेवल्यात. रबरं तेवढी बाजारातून आणायची राहिलीत.

नमस्कार.