औंदा थंडी पडलीच नाही

नमस्कार मंडळी, राम राम. सांज झाली, बऱ्याच घरच्या धारा काढून झाल्या असतील, कोणी डेअरीवरून कॅन घेऊन येत असेल, कोणी कोठ्यातच, म्हणजे गोठ्यात बसून मोबाईलवर रेडिओ लावला असेल. मी आर्वी तालुक्यातली. घरी तीन गवळाऊ गाई, दोन म्हशी, बैलजोडी, एक वगार आणि एक कालवड. लग्न होऊन आली तेव्हापासून या ढोरांच्याच मागं आहे, म्हणून आज बोलायला बसली.

औंदा थंडी पडलीच नाही ना. दिवाळीनंतर आठ-दहा दिवस स्वेटर निघाले आणि परत ट्रंकात गेले. अंगणात शेकोटी दोनदा पेटली असेल बस. इकडं थंडी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला पारा साडेतीन अंशावर गेला होता, त्या रात्री आमच्या मामाजींनी म्हणजे सासऱ्यांनी वासराच्या अंगावर स्वतःचं घोंगडं टाकलं होतं. आणि औंदा दुपारी पंखा लागतो. मावठं पण नाही आलं. गावात जो तो म्हणते, बरं झालं बाप्पा, ढोरं कुडकुडली नाही, दूध तुटलं नाही. मला ते बोलणं ऐकून पोटात गोळा येते, कारण हेच बोलणं मी २०२३ च्या फेब्रुवारीत बोलली होती.

त्या वर्षीचा फेब्रुवारी, दिवसाचं तापमान धरलं तर, १९०१ पासूनचा सगळ्यात गरम होता असं हवामान खात्यानं सांगितलं होतं. आमच्याकडं तेव्हा एक जर्सी होती, दुसऱ्या वेताची, दोन्ही टाइमचं मिळून बारा लिटर देणारी. एक दिवस ढेप, म्हणजे पेंड, खाल्ली नाही तिनं. मला वाटलं ऊन लागलं असंल. दुसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं, आणि मी गळ्याखाली खाजवून देत होती तर खांद्याच्या पुढं हाताला गाठ लागली, लिंबाएवढी, आतून घट्ट. डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर पांढरी फटक. डॉक्टरांना फोन लावला, त्या दिवशी कोणी येऊ शकलं नाही, तिसऱ्या दिवशी आले तोपर्यंत रक्त संपलं होतं तिचं. गोचीड ताप. डॉक्टर म्हणाले थायलेरिया, पहिल्या दिवशी इंजेक्शन मिळालं असतं तर वाचली असती. मी म्हटलं, साहेब पण हिवाळ्यात गोचीड कुठून आला? ते म्हणाले, काकू, हिवाळा होता कुठं.

हे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आपण समजतो गोचीड म्हणजे पावसाळ्या-उन्हाळ्याची गोष्ट. खरं आहे, पण ते कशामुळं? थंडीत त्याची वाढ थांबते, अंडी लवकर फुटत नाही, भिंतीच्या फटीत गप पडून राहते. थंडीनंच ते आवरून धरलं असते. थंडी नाही तर त्याला सुट्टीच नाही. एक रक्त पिऊन फुगलेली मादी ढोराच्या अंगावरून गळते आणि मातीच्या भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या लाकडामागं, विटांच्या फटीत जाऊन हजारांनी अंडी घालते. म्हणून ढोराच्या अंगावर औषध मारून भागत नाही, आपण तिथंच चुकतो. ढोरावर एकदा आणि कोठ्याच्या फटींवर एकदा, आणि पंधरा दिवसांनी परत, कारण पहिल्या वेळी जी अंडी होती ती तोवर फुटली असतात. औषध डॉक्टरांना विचारूनच आणा आणि पाणी त्यांनी सांगितलं तेवढंच टाका, जास्त कडक केलं तर ढोरालाच विषबाधा होते, आणि फवारलेल्या अंगाला वासरू तोंड लावणार नाही एवढं पाहा. मी फटी चुना-मातीनं लिंपून टाकल्या औंदा, दिवाळीतच.

गवळाऊला, आपल्या गावरानला हा ताप सहसा पाडत नाही, तिच्या अंगात ताकद आहे. जर्सी, होल्स्टन, संकरित कालवडी, यांना धोका जास्त. ज्यांनी लोन काढून संकरित घेतल्या त्यांनी रोज हात फिरवा, कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी, कासेच्या वरच्या घडीत. माशा, डास पण औंदा कमी झाले नाहीत, आणि २०२२ ला लम्पीनं आपल्याकडं काय केलं ते कोणी विसरलं नाही. ती पण माशा-डास-गोचिडांवरूनच पसरते. ज्यांची लस राहिली त्यांनी गावात शिबिराची वाट पाहू नका, १९६२ नंबर लावा, ढोरांच्या दवाखान्याचा आहे, फुकट आहे.

आता चाऱ्याचं सांगते, कारण एप्रिल-मे मध्ये रडायची पाळी यातूनच येणार आहे.

आपल्या काळ्या मातीत रब्बी उभी राहते ती पावसाळ्याच्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर. थंडी नाही तर दव नाही. गहू गरमीनं लवकर निसवते, लवकर पिकते, दाणा बारीक राहते आणि धांडा बुटका, म्हणजे भुसा कमी. हरभरा पण तसाच घाईघाईनं घाटे धरून मोकळा. बरसीम लावली असंल त्यांना कळलंच असंल, तिला गारवा पाहिजे, मार्चमध्ये मिळणारी शेवटची कापणी ऊन तापलं की जाते. आणि इ-क्लासमधलं, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या जमिनीवरचं गवत? पवन्या गवत तर दसऱ्यानंतर कापून घ्यायची गोष्ट, आता रानात उरलं ते कुसळ, तोंडाला टोचणारं, त्यात सत्त्व काही नाही. गायकी, म्हणजे गावची ढोरं चारणारा, सकाळी आखरावरून, जिथं गावची ढोरं जमतात तिथून, ढोरं नेते आणि दुपारी दोनला ढोरं घराकडं तोंड करून उभी, कारण खायलाच काही नाही. वरून रान एवढं कोरडं की एक बिडी पडली तरी पेटते. फुलं वेचायला मोहाखाली आग लावणाऱ्यांना औंदा हात जोडून सांगते, नका लावू, आग मोहाखाली राहत नाही ना, दहा गावचा चारा जाते त्यात.

पहिले ज्वारी होती, कडब्याच्या गंजी लागायच्या घरोघरी. आता सोयाबीन आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आहे पण नुसतं तेच टाकलं तर ढोर हुंगून बाजूला होते, पोट बिघडते, तुरीचं कुटार मिसळून द्या. ज्यांच्याकडं ज्वारी आहे त्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगते. कापणी झालेल्या खुंटांना थंडी नसल्यामुळं औंदा हिरवे फुटवे आले, दिसायला इतके गोड की ढोर सोडायचा मोह होते. सोडू नका. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असते, पोटभर खाल्लं तर ढोर तोंडाला फेस आणून अर्ध्या-एक तासात पडते. उपाशी ढोर तर अजिबात नाही. आणि असं झालंच तर घरगुती काही करत बसू नका, त्यावर उतारा आहे, डॉक्टर आले तर ढोर उठते.

आता हिशोब करा माझ्यासोबत. मोठं ढोर दिवसाला आठ किलो तरी सुका चारा खाते. एक फेब्रुवारीपासून जून संपेपर्यंत १५० दिवस. आठ गुणिले दीडशे, म्हणजे १२०० किलो, बारा क्विंटल एका ढोराला. माझी मोठी सात, म्हणजे ८४ क्विंटल. माझ्याकडं होते साठ. जानेवारीतच कळलं म्हणून तुरीचं कुटार आज विकत घेता येते, मे मध्ये तोच माणूस दुप्पट भाव सांगते, आणि मंग काय करतो आपण, बैल बाजारात नेतो, तिथं पन्नास बैल आधीच उभे असतात.

आणि आहे ते कुटार, भुसा, तणस, त्यालाच सकस करायचं. शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर-थर शिंपायचं, पायानं दाबायचं, वरून ताडपत्री अशी बांधायची की हवा नको जायला, २१ दिवस. उघडल्यावर पिवळा-तपकिरी होते, नाकाला झोंबते, म्हणून घंटाभर मोकळा पसरवून मंग द्यायचा, पहिले थोडा-थोडा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला नाही. आणि युरियाचं पाणी ढोराच्या तोंडापाशी चुकूनही नाही, बादली लगेच धुवून पालथी.

हिरवं नाही मिळालं की गाभण ढोराचं नुकसान आधी होते, वासरू अशक्त, कधी आंधळं निघते. बांधावरचं सुबाभूळ, शेवग्याचा पाला, अंजनाचा पाला, जे हाती लागेल ते दोन मुठी तरी रोज द्या. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. म्हशीचं पण बघा, तिचा माजाचा सीझन थंडीचाच आणि तिचा माज मुका, ओरडत नाही बिचारी, गरमीत तर अजूनच कळत नाही. पहाटे आणि रात्री झोपायच्या आधी एकदा मागं जाऊन पाहायचं. आमची एक म्हैस अशीच दोनदा हुकली, म्हणजे दीड महिना नुसता चारा.

पाणी. दुभत्या ढोराला एका लिटर दुधामागं तीन-चार लिटर पाणी वरचं लागते. आमचा नाला पौषातच थांबला. टाक्याला आता वरून बोरीचं पोतं झाकते मी.

आमच्या कुटाराच्या खोलीत मामाजींनी भिंतीवर चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या आहेत, दर महिन्याची एक, कुटार कुठपर्यंत उरलं पाहिजे त्याच्या. ते आता नाहीत, रेघा आहेत. आज सकाळी टोपली भरायला गेली तर फेब्रुवारी संपताना दिसायला पाहिजे ती रेघ आत्ताच उघडी पडली, आणि तिच्याखाली वीतभर कोरी भिंत. जानेवारीचे अजून चार दिवस बाकी आहेत. उद्या तुरीच्या कुटारासाठी बैलबंडी घेऊन शेजारच्या गावी चाललो आम्ही दोघं, कोणाला सोबत यायचं असंल तर सकाळी सहाला आखरावर या.