रंगाच्या फोडाखाली काय असतंय

ही आमची व्हॅन. मारुती ओम्नी, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. 2019 ला कंपनीनं ही गाडी बंद केली, तरी खानापूर-जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला थांबा, अजून दिसतील, कुणी मंडपाचं सामान नेतंय, कुणी शाळेची पोरं. आमच्या गाडीत भाजीचे ओले क्रेट आणि दुधाचे कॅन. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको, जूनला झड लागली की गाडी म्हणून कोरडी होत नाही, त्यात चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की खारं वारं.

आता हे बघा, सरकत्या दाराच्या खालचा पत्रा. वरनं रंगाला एक फोड आलाय, शेंगदाण्याएवढा, बास. मेस्त्री मामा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकत ठोकत पुढं सरकले, चांगल्या जागी टण टण, आणि फोडापाशी आले तसा आवाजच बसला, भद भद. टोक लावलं तर सरळ आत गेलं, जोर लावावाच लागला नाही. शेंगदाण्याखाली तळहाताएवढं भोक निघालं!

आणि भोकातनं काय निघालं, तर पेपरचा बोळा. ओला, लालभडक झालेला. मागं एका ठिकाणी टिंकरिंग, म्हणजे पत्र्याची दुरुस्ती, करून घेतलेली, त्यांनी भोकात पेपर कोंबून वरनं लांबी, म्हणजे पुट्टी, मारून रंग दिलेला, दोन महिने गाडी नव्यासारखी दिसली, बाबा किती खूश होते. लांबी ओल धरते, तिच्यात पत्र्याची ताकद पण नसते, ती फक्त खळगा सपाट करायला. ते आठवलं की अजून वाईट वाटतं, पैशापेक्षा फसल्याचं.

पण मामांनी मला खरी गोष्ट दाखवली ती याच्या खाली. त्यांनी मला गाडीखाली झोपायला लावलं. दाराच्या आणि उंबऱ्याच्या बॉक्सच्या (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या) तळाला कंपनीनंच बारीक भोकं ठेवलेली असतात, काचेच्या रबरातनं पाणी आत उतरतंच, ते खालनं निघून जावं म्हणून. आमच्या गाडीची ही सगळी भोकं काळ्या कोटिंगनं बुजवलेली! म्हणजे पावसाचं पाणी डब्यात साठल्यागत आत बसून राहिलं आणि पत्रा आतनं खात आला. "बाळ, हे बुजवायचं भोक नव्हं, हे ठेवायचं भोक," मामा म्हणाले आणि तारेनं एकेक मोकळं करत गेले, काळं पाणी त्यांच्या मनगटावरनं ओघळत होतं.

मग काम सुरू. आधी बॅटरीची वायर काढली, सीट, मॅट, सगळं बाहेर, कारण वेल्डिंगची ठिणगी आत कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही, शेजारी पाण्याची बादली आणि ओलं फडकं. ग्राइंडरनं पांढरा पत्रा लागेपर्यंत घासलं. गंजलेला भाग कात्रीनं कापला, आणि कापताना मामा कंजुषी करत नाहीत, चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचंच. पुठ्ठ्याचं माप काढून 20 गेज जाडीचा नवा पत्रा, कोपरे गोल. मग सीओटू वेल्डिंग (सीओटू गॅस सोडत तारेनं करतात ते), पण सलग नाही, इथं एक टाका, तिथं एक टाका, मधी गार होऊ द्यायचं, नाहीतर पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. टाके भरत भरत जोड पूर्ण झाला की ग्राइंडरनं सपाट. त्यावर झिंक प्रायमर, जोडावर फट बुजवायचं सीम सीलंट, मग कुठं हलकी लांबी आणि रंग. आतल्या बाजूला हात पोचत नाही, तिथं नळीनं मेणाचा स्प्रे.

मी विचारलं, बाथरूमचं सिलिकॉन चालत नाही का, स्वस्त पडतं. मामा म्हणाले, त्याचा आंबूस वास येतो ना, ते सुकताना आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला तेच खातं. त्यापेक्षा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. फ्लोअरला जुन्या बोल्टचं एक गोल भोक होतं, कडेचा पत्रा चांगला, तिथं रबराचं बूच सीलंट लावून बसवलं, झालं. पण सीटबेल्टच्या बोल्टजवळचा पत्रा गेला असेल तर तिथं बूच, चिकटपट्टी, एम-सील काही नाही, वेल्डिंगच पाहिजे, माणसाचा जीव त्या बोल्टवर असतो.

दोन दिवसांनी, सगळं सुकल्यावर, मी टॉर्च घेऊन आत बसलो, दार लावून घेतलं. मामांनी पोराला कन्नडमध्ये हाक मारली, "नीरु बिडो," पाणी सोड म्हणून. पाइप छतावर, काचांवर, दारावर. आत मी रेल, कोपरे, व्हील आर्च (चाकावरची कमान), सगळीकडं हात फिरवतोय. मागच्या लाइटपाशी एक थेंब दिसला, तिथलं रबर चिरलेलं, ते बदललं आणि परत पाणी सोडलं. मॅटखालचा पत्रा कोरडा. बाहेर दाराच्या तळातल्या त्या बारीक भोकांतनं पाणी ओळीनं गळत होतं, टिप टिप टिप, आणि मामा उकिडवे बसून एकेक भोक मोजत होते.