हरल्याचं दुःख वेगळं, डावललं गेल्याचं वेगळं

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे अमेरिकन फुटबॉलबद्दल, आणि हा खेळ जिवापाड जपणाऱ्या चाहत्यांच्या रागाबद्दल. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारे बाद सामने, आले की हा राग उफाळून येतो आणि दर वेळी त्याच्यावर एकच शेरा मारला जातो: हरले म्हणून रडीचा डाव खेळतायत. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. या रागाच्या पोटात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र कालवल्या की खरी तक्रार बाजूला पडते.

पहिली गोष्ट मैदानावरची. तारीख २० जानेवारी २०१९, ठिकाण न्यू ऑर्लीन्स. व्यावसायिक लीग एनएफएलमधला सामना: तिथलेच सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिसचे रॅम्स. जिंकणारा थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात. गुण २०-२० असे बरोबरीत आणि शेवटची पावणेदोन मिनिटं उरलेली. सेंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ड्रू ब्रीझ उजव्या बाजूला टॉमीली लुइसकडे चेंडू फेकतो. लुइसची नजर चेंडूवर, हात अजून वर यायचेत, तेवढ्यात रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन धावत येऊन त्याला आडवा करतो. चेंडू अजून हवेत आहे. नियम इथे स्पष्ट आहे: चेंडू पोचण्याआधी झेल घेणाऱ्याला धडक मारता येत नाही. अशा वेळी पंच पिवळा रुमाल मैदानात टाकतात. स्टेडियममधले सत्तर हजारांहून जास्त लोक तो रुमाल शोधत राहिले. तो पडलाच नाही.

रुमाल पडला असता तर सेंट्सना घड्याळ जवळजवळ संपवून अगदी शेवटी विजयी फील्ड गोल (चेंडू खांबांमधून लाथाडून मिळणारे तीन गुण) मारता आला असता. त्याऐवजी त्यांना लगेच फील्ड गोल मारावा लागला, रॅम्सना बरोबरी साधायला वेळ मिळाला आणि जादा वेळेत ५७ यार्डांवरून मारलेल्या गोलवर रॅम्स २६-२३ जिंकले. सामन्यानंतर लीगच्या कार्यालयानं सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांना फोनवर चूक मान्य केली. आपण आधी पोचलो होतो, हे धडक मारणाऱ्या खेळाडूनंही कबूल केलं. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल मात्र जाहीरपणे बोलले ते दहा दिवसांनी. न्यू ऑर्लीन्समध्ये त्या वर्षी सुपर बोल पाहणाऱ्यांचं प्रमाण आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रानं पहिलं पान जवळजवळ कोरं ठेवलं. वर एवढंच छापलं होतं: सुपर बोल? कुठला सुपर बोल?

हा राग भयंकर होता. पण तो माणसाला पचवता येतो, असं मी म्हणेन. कारण चूक डोळ्यांसमोर झाली, सगळ्या जगानं पाहिली, करणाऱ्यांनी मान्य केली. पुढच्या हंगामात असे निर्णय पुन्हा तपासण्याची सोयही झाली. ती नीट चालली नाही म्हणून वर्षभरात गुंडाळली गेली, पण निदान प्रयत्न तरी झाला. पंच माणूस आहे आणि माणसाची नजर चुकते, एवढं समजण्याइतका चाहता शहाणा असतो.

आता दुसरी गोष्ट. ही पचत नाही, आणि का पचत नाही तेच आज सांगायचं आहे.

विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये वरच्या पातळीवर १३० हून अधिक संघ आहेत. प्रत्येकाला हंगामात साधारण बारा सामने मिळतात आणि प्रत्येक जण बहुतेक करून आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपल्या गटात खेळतो. सगळे सगळ्यांशी कधीच खेळत नाहीत. त्यामुळे प्लेऑफला कोण जाणार हे केवळ गुणतक्त्यावरून ठरत नाही. १३ जणांची एक निवड समिती टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन इथल्या एका हॉटेलात बसते आणि क्रमवारी ठरवते. २०१४ च्या हंगामापासून २०२३ च्या हंगामापर्यंत जागा फक्त चार होत्या.

२०२३ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नाही. पहिल्याच सामन्यात त्यांनी एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) ४५-२४ असं हरवलं. त्या एलएसयूच्या क्वार्टरबॅकला पुढे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइसमन पुरस्कार मिळाला, म्हणजे समोरचा संघ काही लेचापेचा नव्हता. मग १८ नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. बदली क्वार्टरबॅक घेऊन त्यांनी कट्टर प्रतिस्पर्धी फ्लोरिडा विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर हरवलं. पुढच्या आठवड्यात तो बदली खेळाडूही जायबंदी. तेव्हा तिसऱ्या क्रमांकाचा, पहिल्या वर्षाचा पोरगा मैदानात उतरला आणि बचावफळीनं अक्षरशः छातीचा कोट करून कॉन्फरन्सचा अंतिम सामना १६-६ असा खेचून आणला. तेरा सामने, तेरा विजय, कॉन्फरन्सचं अजिंक्यपद.

तो अंतिम सामना होण्याआधीच्या मंगळवारी समितीच्या क्रमवारीत फ्लोरिडा स्टेट चौथ्या जागी होते आणि अलाबामा आठव्या. अलाबामा टेक्सासकडून स्वतःच्या मैदानावर हरलं होतं. ऑबर्नविरुद्ध तर शेवटच्या मिनिटात, चौथ्या म्हणजे अखेरच्या प्रयत्नात, ३१ यार्डांचा पास झेलला गेला म्हणून वाचलं होतं. पण २ डिसेंबरला त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जियाला २७-२४ असं हरवलं. हा विजय मोठा होता, यात शंका नाही. जॉर्जिया सलग २९ सामने जिंकून आलं होतं.

रविवारी, ३ डिसेंबरला दुपारी निवड जाहीर झाली. फ्लोरिडा स्टेटची मुलं एकत्र बसून टीव्हीवर पाहत होती. पहिलं मिशिगन, दुसरं वॉशिंग्टन, तिसरं टेक्सास. चौथ्या जागी अलाबामाचं नाव आलं. फ्लोरिडा स्टेट जिंकून चौथ्यावरून पाचव्यावर गेले होते. एखाद्या बड्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. जॉर्डन ट्रॅव्हिसनं त्या दिवशी लिहिलं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ माझ्या एकट्याच्या जिवावर नाही हे लोकांना दिसलं असतं. विशी ओलांडलेल्या, नुकताच पाय मोडलेल्या मुलाला हे लिहावंसं वाटतं, ही कोणत्याही खेळासाठी शरमेची गोष्ट आहे.

समितीकडे उत्तर होतं. महत्त्वाचा खेळाडू जायबंदी असेल तर त्याचा विचार करावा, असं त्यांच्या नियमावलीत लिहिलेलं आहे. क्वार्टरबॅक गेल्यावर हा संघ आधीचा राहिला नाही, असं अध्यक्ष बू कॉरिगन यांनी सांगितलं. नियमाच्या कागदावर हे बसतं, मान्य. तरी मला ते मुळातच चुकीचं वाटतं. मैदानावर जे घडलं त्याला खाली ढकलून पुढे काय घडेल याच्या अंदाजाला वर बसवायचं, तर मग हंगाम खेळवायचाच कशाला?

आता टीव्हीकडे येऊ. ही निवड ज्या वाहिनीवर जाहीर झाली ती ईएसपीएन. प्लेऑफचे सगळे सामने दाखवण्याचे हक्क पहिल्या हंगामापासून ईएसपीएनकडे आहेत, पहिल्या बारा वर्षांचे मिळून सुमारे ७.३ अब्ज डॉलर मोजून घेतलेले. अलाबामा ज्या एसईसी कॉन्फरन्समध्ये खेळतं तिची स्वतंत्र वाहिनी ईएसपीएनच चालवते. शिवाय २०२४ पासून एसईसीचे सगळे सामने याच घराण्याकडे येणार होते आणि तो करार २०२० सालीच झालेला होता. म्हणजे संघ मोठा की छोटा, पात्र की अपात्र, यावर आठवडाभर जिथे चर्चा रंगते, तिथे बोलणाऱ्याच्या मालकाचे त्यातल्या एका बाजूला कोट्यवधी डॉलर गुंतलेले. फ्लोरिडा स्टेटच्या एसीसी कॉन्फरन्सचे हक्कही ईएसपीएनकडेच होते, हे सांगायलाच हवं. पण घरातल्या दोन मुलांपैकी एकाच्या नावावर जास्त इस्टेट असली की कौतुक कोणाचं जास्त होतं, हे चाहत्याला कळतं.

इथे मी एक गोष्ट ठामपणे सांगतो. ईएसपीएननं समितीला फोन करून अलाबामा घ्या असं सांगितलं, असा कुठलाही पुरावा समोर आलेला नाही आणि तसा आरोप मी करत नाही. त्याच वाहिनीवर बूगर मॅकफारलंड यांनी, जे स्वतः एसईसीतल्या एलएसयूचे माजी खेळाडू, या निवडीवर सणसणीत टीका केली. माणसं प्रामाणिक असतात. मला काळजी वाटते ती रचनेची. समितीची क्रमवारी हंगामाच्या उत्तरार्धात दर मंगळवारी टीव्हीवरचा कार्यक्रम म्हणून जाहीर होते. मग आठवडाभर तीच क्रमवारी चघळली जाते. कुठल्या कॉन्फरन्समध्ये हरणंही मोठेपणाचं आणि कुठल्या कॉन्फरन्समध्ये जिंकणंही किरकोळ, हे रोज कानावर पडतं. समितीतली माणसंही हाच टीव्ही बघतात. यासाठी कट करावा लागत नाही.

म्हणूनच सगळं आधीच ठरलेलं असतं, पंच विकले गेलेत, असं म्हणणाऱ्या चाहत्यांशी माझं पटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बफेलो बिल्स कॅन्सस सिटी चीफ्सकडून ३२-२९ हरले. चौथ्या प्रयत्नात बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन यानं घुसून मिळवलेलं अंतर पंचांनी कमी धरलं आणि देशभर ओरड झाली की लीगलाच चीफ्स हवेत. गुडेल यांना पत्रकार परिषदेत त्यावर उत्तर द्यावं लागलं. मग सुपर बोलमध्ये ईगल्सनी त्याच चीफ्सना ४०-२२ असं लोळवलं. असल्या संशयानं खऱ्या तक्रारीचं नुकसान होतं. पुरावा नसलेला आरोप फेटाळणं सोपं जातं आणि त्याच्यासोबत पुरावा असलेली तक्रारही केराच्या टोपलीत जाते.

फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत पुढे जे झालं ते तर जखमेवर मीठ. ऑरेंज बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफबाहेरच्या एका सामन्यात, ते जॉर्जियाकडून ६३-३ असे हरले. लगेच काही विश्लेषक म्हणाले, बघा, समिती बरोबर होती. पण प्लेऑफची दारं बंद झाल्यावर त्या संघातले वीसहून जास्त खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. कोणी एनएफएलच्या तयारीसाठी थांबलं, कोणी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरली. जो संघ डावलला गेला तो हा नव्हताच. हे न सांगता नुसता गुणफलक दाखवणं म्हणजे चाहत्याची फसवणूक आहे. दुसरी बाजूही सांगतो: अलाबामानं रोझ बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, मिशिगनला जादा वेळेपर्यंत झुंजवलं, २७-२० असे हरले, आणि मिशिगन पुढे विजेते ठरले. तो सामना सुमारे पावणेतीन कोटी लोकांनी पाहिला. चांगला सामना झाला म्हणून निवड न्याय्य ठरत नाही.

प्रकरण राजकारणात आणि कोर्टातही गेलं. फ्लोरिडाच्या महाधिवक्त्यांनी चौकशी सुरू केली, राज्यपालांनी खटल्यासाठी अर्थसंकल्पात १० लाख डॉलरची तरतूद सुचवली, आणि विद्यापीठानं आपल्याच कॉन्फरन्सवर दावा लावला. चौथी जागा काही परत मिळाली नाही.

२०२४ च्या हंगामापासून प्लेऑफमध्ये बारा संघ आले. वाटलं, आता तक्रारी मिटतील. पहिल्याच फेरीत इंडियाना नोत्र दामकडून दहा गुणांनी हरलं आणि समालोचनातच त्यांच्या पात्रतेवर प्रश्न उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी एसईसीतलं टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२-१७, म्हणजे पंचवीस गुणांनी हरलं. त्यांच्या पात्रतेची तशी झडती फारशी कोणी घेतली नाही. ज्या चाहत्यानं दोन्ही सामने पाहिले त्याला हा फरक सांगावा लागला नाही.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं की एनएफएल आपली वाहिनी ईएसपीएनला देणार आणि बदल्यात ईएसपीएनमध्ये १० टक्के भागीदारी घेणार. म्हणजे २०१९ सारखा रुमाल पुन्हा पडला नाही, तर त्याबद्दल लीगला जाब विचारणाऱ्या पत्रकाराच्या पगारात लीगचाही वाटा असणार. याच ईएसपीएननं २०१३ साली खेळाडूंच्या मेंदूच्या दुखापतींवरच्या एका माहितीपटातून स्वतःचं नाव काढून घेतलं होतं, आणि तेव्हा तर लीग भागीदारही नव्हती.

निवड समितीत एक चांगला नियम आहे. एखाद्या सदस्याचा ज्या विद्यापीठाशी थेट संबंध असेल, त्या विद्यापीठाची चर्चा निघाली की तो उठून खोलीबाहेर जातो. मतदानही करत नाही. टीव्हीवर बोलणाऱ्यांनी उठून जावं अशी कोणाची मागणी नाही. पण ज्या कॉन्फरन्सची बाजू मांडली जातेय तिचे हक्क या वाहिनीनं किती पैसे मोजून घेतलेत, हे त्याच वेळी पडद्याच्या तळाशी दिसायला काहीच अडचण नाही. आणि त्या तेरा जणांपैकी कोणी कोणाला कितवा क्रमांक दिला, हे आज गुप्त राहतं. तेही निवडीच्या दिवशीच, नावानिशी छापून यावं. फ्लोरिडा स्टेटच्या त्या मुलांना एवढं तरी कळायला हवं होतं.

नमस्कार.