कॅमेरा कुठे लावायचा, हे आधी गेटपाशी उभं राहून ठरवा

नमस्कार मंडळी. मी सीसीटीव्ही कॅमेरे लावायचं काम करतो. कमिटीने बोलावलं म्हणून आलो, आणि वर यायच्या आधी तुमच्या आवारात एक चक्कर मारून घेतली. कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न हाच असतो, आमच्या सोसायटीला किती कॅमेरे लागतील? तो जरा बाजूला ठेवू. आधी हे ठरवा की या जागेवरून आपल्याला काय कळायला हवंय, कोणीतरी आलं एवढंच, की नेमकं कोण आलं तेही?

एका सोसायटीत बाईक चोरीला गेली, तिथे सोळा कॅमेरे होते. फुटेज बघायला मला बोलावलं. पार्किंगचा कॅमेरा पत्र्याच्या शेडला पंधरा फुटांवर, सगळं आवार दिसावं म्हणून लावलेला. माणूस येतो, हँडल लॉक तोडतो, बाईक ढकलत नेतो, सगळं दिसतं, आणि त्याची दिसते ती फक्त टोपी. ज्यांची बाईक ते काका तेवढाच भाग परत परत लावायला सांगत होते, आणि त्यांना दाखवायला माझ्याकडे चेहरा नव्हता. मला ते आजही लागतं.

आता हिशोब बघा. नेहमीचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे आडवे १९२० पिक्सेल, चित्राचे बारीक ठिपके. २०१४ च्या आयईसी ६२६७६-४ या कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे अनोळखी माणसाची ओळख पटायला, तो उभा असतो तिथल्या एका मीटर रुंदीला २५० पिक्सेल पाहिजेत. भागून बघा, चित्र साडेसात मीटरच्या वर रुंद झालं की चेहरा हातातून गेला. २.८ एमएमची लेन्स सगळे लावतात कारण तिच्यात ऐसपैस दिसतं, पण ती साधारण १०० अंश बघते, म्हणजे तीन मीटरवरच ती रुंदी भरते! तोच कॅमेरा ६ एमएमच्या लेन्सचा घेतला तर आठेक मीटरपर्यंत चेहरा मिळतो, आजूबाजूचं मात्र कमी दिसतं. म्हणून मी चिंचोळ्या जागा शोधतो, माणसांचं छोटं गेट, जिन्याचं तोंड, लिफ्टचं दार, जिथून प्रत्येकाला जावंच लागतं. तिथे आठ-नऊ फुटांवर कॅमेरा, समोरून, आणि आवारासाठी वरून एखादा मोठ्या कोनाचा. दोन्ही कामं एकाच कॅमेऱ्याकडून करून घ्यायला गेलात की दोन्ही अर्धवट होतात.

उजेडाचं पण बघा. तुमचं गेट पूर्वेला आहे, लॉबीतून बाहेर तोंड करून कॅमेरा लावला तर सकाळी येणारा प्रत्येकजण काळी सावली दिसेल. डब्ल्यूडीआर, म्हणजे झगझगीत उजेड आणि सावली एकत्र सांभाळायची सोय, असलेला कॅमेरा थोडं सांभाळतो, पण कॅमेरा बाजूच्या भिंतीवर सरकवलेला केव्हाही बरा. आणि रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी, मग जाळं लेन्ससमोर लटकलं की कॅमेऱ्याच्या आयआरमध्ये, म्हणजे अंधारात बघायला तो टाकतो त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात, रात्रभर पांढरं पटल. महिन्यातून एकदा झाडू फिरवा, एवढंच.

रेकॉर्डर वॉचमनच्या केबिनमध्ये उघडा ठेवू नका, चोर तोच उचलून नेतो. कुलूपबंद ठेवा.

एक गोष्ट मात्र मी करून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. कॅमेऱ्यात कोणाच्या घराचं दार उघडल्यावर आतला हॉल दिसत असेल तर तो मी वळवतो किंवा तेवढा भाग सेटिंगमध्ये मास्क करतो. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलंय, पण कोर्ट राहू द्या, समोरच्या काकूंना आपल्या दारात मोकळेपणी उभं राहता आलं पाहिजे.

तर आज एक करू. रात्री साडेअकराला लाईट नेहमीसारखे ठेवून दोघांनी खाली या, एकाने टोपी घालून गेटमधून पार्किंगपर्यंत चालायचं, दुसऱ्याने कॅमेरा लावायच्या जागी स्टुलावर उभं राहून मोबाईलवर शूट करायचं. ज्या जागेवरून चेहरा दिसेल तिथे भिंतीवर खडूने फुली मारा. सकाळी वायरिंगवाला पोरगा त्या फुल्या बघूनच ड्रिल लावेल.