मुलांना विचारलंत. पुढे काय केलंत?

नमस्कार मंडळी. शाळेत विद्यार्थी मंडळ आहे का, असं विचारलं की मुख्याध्यापक लगेच हो म्हणतात. मग विचारा, त्या मंडळाच्या सांगण्यावरून शाळेत शेवटचं काय बदललं? इथे गाडी अडते. कारण मंडळाचं मुख्य काम असतं पाहुण्यांचं स्वागत!

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांच्या तोंडून आपलंच म्हणणं वदवून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं, नावापुरतं समितीत घेणं, या खालच्या तीन पायऱ्या. हार्ट त्यांना सहभाग मानतच नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२ सांगतं की, मुलाशी संबंधित प्रत्येक बाबीत त्याला मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय, समज पाहून त्या मताला वजन द्यायचं आहे. म्हणजे नुसतं ऐकून घेतलं की झालं, असं नाही.

यावर ठरलेला प्रश्न येतो, ‘मग काय, शाळा मुलांनीच चालवायची?’ शिक्षणतज्ज्ञ ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या, आता इंग्लंडमध्ये असलेल्या समरहिल शाळेच्या सभेत शिक्षकाला एक मत आणि लहानग्यालाही एकच. तरीही शिक्षक नेमणं तिथेसुद्धा सभेच्या हातात नाही. मर्यादा असू द्या, फक्त ती आधी सांगा. सगळं ठरवून झाल्यावर मत मागण्यापेक्षा न मागितलेलं बरं.

काही गोष्टी तर मुलांनाच माहीत असतात. दांडगाई कुठल्या जिन्यात चालते, कुठल्या स्वच्छतागृहात जायला भीती वाटते, एकाच दिवशी किती विषयांचा गृहपाठ येऊन पडतो. शिक्षकांच्या खोलीतून यातलं काहीच दिसत नाही.

बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये एक मुद्दा नेमका पकडला: ऐकणाऱ्याच्या हातात निर्णय हवा. वर्गशिक्षिकेने सगळं लिहून घेतलं आणि तो कागद वर पोचलाच नाही, तर मुलं पुढच्या वेळी ‘सगळं छान आहे’ म्हणून मोकळी होतात.

म्हणून सुरुवात एकाच विषयापासून करा, समजा गृहपाठाचं वेळापत्रक. उत्तर कधी देणार ती तारीख सांगा. नकार द्यायचा असेल तर कारणासकट, त्याच मुलांसमोर द्या. आणि नेहमीच्या चार बोलक्या मुलांवर थांबू नका. मागच्या बाकावरच्यांसाठी बिननावाच्या चिठ्ठ्या ठेवा. त्यात थट्टामस्करीही येईल, ती बाजूला काढा आणि उरलेल्या वाचा.