आधी मान बघतात

(दृश्य : अंधार, स्कूटरचा दिवा, रस्त्याकडेचे माड)

पहाटेचे साडेतीन. कुडाळहून वेंगुर्ल्याच्या दिशेने निघालेली ही स्कूटर. पायाजवळ मेकअपची पेटी, मागे बसलेल्या मुलीच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला रिंग लाइट. आज आरवलीत लग्न आहे. मुहूर्त अकरानंतरचा असला तरी नवरी साडेनऊला उभी राहिली पाहिजे, असं ठरलंय. वाटेत वेतोबाचं देऊळ येतं. ताई हँडलवरचा एक हात सोडून नमस्कार करतात. या देवाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्रभर गावाची राखण करत फिरणारा देव तो, चपला झिजणारच. या वेळी रस्त्यावर जागे असलेले तो आणि ताई, दोघंच.

गावात त्यांना पार्लरवाली ताई म्हणतात. आपणही ताईच म्हणू.

(दृश्य : घराची ओटी, प्लॅस्टिकची खुर्ची, नवरी)

बघा, ताई आधी चेहरा बघत नाहीत. मान बघतात. हनुवटीखाली बोट लावून मान दिव्याकडे वळवतात, मग कानामागे बघतात, मग गळ्याच्या वळीत. कालच हळद लागलीय. नवरीने चार वेळा साबणाने तोंड धुतलंय, पण पिवळा रंग कानामागे ठाण मांडून बसलाय. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणूनच हजारो रुपयांच्या या पेटीतून पहिली बाटली निघते ती साध्या खोबरेल तेलाची. तेल, कापूस, परत तेल, परत कापूस. कापसाकडे बघा. पहिला बोळा पिवळाधमक, सहावा जवळजवळ पांढरा.

एवढं करूनही थोडी हळद उरतेच. तेव्हा चेहऱ्याचा बेस त्या उरलेल्या पिवळेपणाला धरून मिसळावा लागतो. स्टीलच्या छोट्या पट्टीवर दोन फाउंडेशन, कधी तीन. लावून बघायचं ते जबड्याच्या हाडावर, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे. तिथला ठिपका दिसेनासा झाला, तर रंग जुळला. ठिपका उठून दिसला, तर परत पट्टीवर.

मागून आवाज येतो तो नवरीच्या आत्येचा. “चेडवाक जरा गोरा कर गो बाय.”

ताई हसतात आणि हात चालूच ठेवतात. हे हसणं आम्हाला तीन दिवसांत अकरा वेळा कॅमेऱ्यात मिळालं. दरवेळी हेच वाक्य, म्हणणारी आत्या तेवढी निराळी.

(दृश्य : डोळ्यांखालचा भाग, अगदी जवळून)

हा नारिंगी रंग पाहून घरातल्या बायका घाबरतात. डोळ्यांखालचं काळं वर्तुळ नीट पाहिलं तर निळसर असतं. निळ्यावर नारिंगी पातळ बसवला की दोघंही मरतात आणि उरतो त्वचेचा रंग. याला करेक्टर म्हणतात. तो जाड झाला तर नवरी आजारी दिसते, पातळ राहिला तर रात्रभर जागलेली. ताई ब्रश बाजूला ठेवतात आणि अनामिकेने थोपटतात, कारण त्या बोटाचा दाब कमी पडतो. घड्याळात बघितलं, दोन डोळ्यांना अकरा मिनिटं लागली. आपण ती पंधरा सेकंदांत बघतोय.

मग घाम. कोकणातल्या मेकअपची खरी लढाई घामाशी आहे. हवेतच एवढं पाणी की अंगावरचा घाम वाळत नाही, चेहऱ्यावरच साचतो आणि बेस त्यावर तरंगायला लागतो. वर मंडपात होमाचा धूर, आणि मधेच वीज गेली की पंखाही बंद. म्हणून खाली सिलिकॉनचा प्रायमर आणि त्यावर सिलिकॉनचंच फाउंडेशन. एक पाण्याचं आणि एक सिलिकॉनचं लावलं, तर दुपारपर्यंत कपाळावर शेवया सुटतात. हा शब्द ताईंचाच. पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये याला निराळं नाव असेल.

(दृश्य : जुनं प्रमाणपत्र, चौकट, काचेवर बुरशीचे डाग)

१९९८ची २६ जानेवारी. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. त्या वर्षी ताई बारावीत होत्या. चाकरमान्यांच्या मुली मे महिन्यात आणि गणपतीला गावी यायच्या, त्या भुवया कोरून. ताईंना तेव्हा प्रश्न पडला होता की हे ब्लेडने करतात की कशाने. दोऱ्याने करतात हे कळल्यावर त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ घेतलं आणि स्वतःच्या पोटरीवर सराव केला. पोटरी आठवडाभर लाल होती, हे सांगताना त्या अजूनही साडी थोडी वर करून जागा दाखवतात.

मग कोल्हापूर. सहा महिन्यांचा कोर्स, मावशीकडे राहणं, शनिवारी एसटीने घाट उतरून घरी. वर्गात वीस जणी आणि केशरचना शिकायला रबरी डोकं एकच. त्या डोक्याचे केस ताईंच्या वाट्याला यायचे तेव्हा संध्याकाळ झालेली असायची, म्हणून त्यांनी मावशीच्या दोन मुलींची डोकी वापरली. त्या दोघी आज आजीबाई व्हायच्या बेतात आहेत आणि अजून आंबाड्याचं नाव काढलं की पळतात.

(दृश्य : घराची पडवी, कपाटाचा सुटा आरसा)

ही पडवी. इथे पहिलं पार्लर. कपाटाच्या दाराचा आरसा भिंतीला टेकवलेला, प्लॅस्टिकची खुर्ची आणि सासूबाईंनी जुन्या लुगड्याचा शिवून दिलेला पडदा. भुवयांचे पाच रुपये. रस्त्यावरून जाणारे वाकून बघायचे, म्हणून पडदा. सासूबाई आज नाहीत. पडदा आहे, तो हा. यजमान कॅमेऱ्यासमोर आले नाहीत.

या पडवीत बारा वर्षं गेली.

दुकान झालं २०१५ नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुद्रा योजना आली. तिच्यातला ‘शिशु’ गट पन्नास हजारांपर्यंतचा, आणि त्यासाठी तारण लागत नाही. त्याआधी एका बँकेत त्यांना विचारलं होतं, “भुवया काढायला कर्ज कशाला?” शिवणयंत्राला, पिठाच्या गिरणीला, म्हशीला कर्ज देताना असं कुणी विचारत नाही, पण ते असो. कर्जातून आली ही वर-खाली होणारी खुर्ची. आजही तीच आहे. वर जाताना कुरकुरते, ते तुम्हाला ऐकू आलं असेल.

त्याच्या थोडं आधी दिल्लीत एक गोष्ट घडली होती, तिचा या खुर्चीशी संबंध आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कित्येक दशकं रंगभूषाकाराचं कार्ड फक्त पुरुषांना मिळत असे. बाईने केस विंचरावेत, चेहऱ्याला हात पुरुष लावील, असा संघटनेचा नियम होता. चारू खुराणा या रंगभूषाकार बाई त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हा भेद बेकायदा ठरवला. खंडपीठावर न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळीत होते. लळीतांचं घराणं मूळचं आपल्याच देवगड तालुक्यातल्या गिर्ये गावचं. ताईंनी हे आमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. “म्हणजे तोपर्यंत मुंबईत माझं काम चाललं नसतं?” असं म्हणून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. तो गप्प वेळ आम्ही कापलेला नाही.

(दृश्य : रात्र, दुकानाचं अर्धं खाली ओढलेलं शटर, आत एक पुरुष)

आता हे पाहा. तुळशीचं लग्न होऊन गेलंय, जत्रांचे दिवस सुरू झालेत. रात्रीचे साडेआठ. शटर अर्धं खाली. खुर्चीवर बसलेले गृहस्थ दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी करतात, बाईची भूमिका. आज जवळच्याच गावात दहिकाला, म्हणजे दशावताराचा खेळ आहे आणि त्याआधी भुवया नीट करून हव्यात. दिवसा येत नाहीत, बायकांना अवघडल्यासारखं होतं म्हणतात. त्यांनाही होत असणार. दशावतारी मंडळींबद्दल एक म्हण आहे, रात्री राजा, सकाळी कपाळावर बोजा. हे तर रात्री राणी.

दशावतारात रंगभूषाकार वेगळा नसतो. ज्याचा चेहरा त्याचीच बोटं. पेटाऱ्यावर बसायचं, हातात छोटा आरसा धरायचा आणि सुरू करायचं. आज त्यांनी इथेच, ताईंच्या आरशासमोर रंग काढला, तो आमच्या आग्रहाखातर.

त्यांची बोटं बघा. आधी हनुवटीवर आणि वरच्या ओठावर लाल रंगाचं एक पातळ बोट. दाढी कितीही गुळगुळीत केली तरी खाली हिरवट सावली राहतेच, तिला मारायला लाल. त्यावर सफेदा आणि पिवडी, म्हणजे पांढरी आणि पिवळी पूड. ताई दोन पावलं मागे उभ्या राहून बघतायत. डोळ्यांखालचा नारिंगी आणि दाढीवरचा लाल, हिशेब एकच. ताई तो कोर्समध्ये शिकल्या, हे रंगपटात शिकले.

सफेदा म्हणजे झिंक ऑक्साइड. पूर्वी पलित्यांच्या आणि नंतर गॅसबत्तीच्या उजेडात चेहरा लांबवर दिसायचा तर तो पांढरा लागायचा, उजेड परतवणारा. हेच झिंक ऑक्साइड आज उन्हापासून जपणाऱ्या क्रीममध्ये असतं, काही फाउंडेशनमध्येही असतं. आणि म्हणून लग्नात फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की काही नवऱ्या अल्बममध्ये सफेदा फासल्यासारख्या दिसतात. मान सावळी, तोंड भूतासारखं. दशावतारात जे गुण, ते अल्बममध्ये दोष. ताई बेस पुरा झाला की मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढतात, तो कौतुकाचा नसतो. हा बघा, आत्ताच काढला.

जायच्या आधी त्या गृहस्थांनी ताईंना एकच चूक दाखवली. “मानेक रंग कमी पडलो तुझ्या त्या व्हकलीच्या.” भिंतीवरच्या फोटोतली नवरी होती, २०१६ची. फोटो त्याच रात्री भिंतीवरून उतरला.

(दृश्य : बंद शटर, रिकामा रस्ता)

मार्च २०२० ते २८ जून २०२०, दुकान बंद. उघडलं तेव्हा केस कापायला, भुवया करायला परवानगी होती, पण फेशियलसारख्या त्वचेच्या कामांना नव्हती. दाताखाली धरायचा दोरा तेव्हापासून गळ्यात बांधला जातो, तो कायमचा. हप्ते थकले, दोन मुली काम सोडून गेल्या, पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळात पत्रा उडाला.

(दृश्य : पाऊस, खळं, चटईवर सहा मुली)

पावसाळा. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. मधे चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस तेवढी फेशियलची झुंबड. बाकी दिवस क्लास. सहा मुली, सहा छोटे आरसे. पहिल्या पंधरा दिवसांत लिपस्टिकला हात लावायचा नाही. ट्यूबलाइट बंद ठेवायची आणि खिडकीच्या उजेडात एकमेकींच्या जबड्यावर रंग जुळवायचा. मग खळ्यात, म्हणजे अंगणात, पावसाची सर थांबली की आभाळाखाली उभं राहून तपासायचं. ढगाळ उजेडात कुठलीच लबाडी चालत नाही. ही सावळी मुलगी बघा, हिच्या रंगाची बाटली दुकानात मिळालीच नाही. तिघींनी मिळून पट्टीवर रंग तयार केला. पट्टीवर आधी विटकरी, मग तांबूस, मग एक थेंब पिवळा. जुळला तो क्षण तिच्या तोंडावर आहे, आम्ही मधे बोलत नाही.

शिकून गेलेल्यांपैकी एकीने समोरच्याच इमारतीत पार्लर काढलं. दर ताईंपेक्षा कमी. ताईंच्या मानेचा मणका दुखतो, पट्टा लावतात. चित्रीकरणात तो काढून ठेवला होता.

(दृश्य : आरवली, सकाळ, नऊवारी, खोपा)

परत आरवली. नऊ वाजून दहा मिनिटं. खोपा घट्ट बसलाय, आत किती यू-पिना आहेत हे नवरीने विचारलं तेव्हा ताईंनी सांगितलं नाही. आणि आता केसांत माळतायत तो सुरंगीचा वळेसार, म्हणजे सुरंगीच्या फुलांचा गजरा. वेंगुर्ल्याच्या या पट्ट्यात, आसोली-आरवलीकडे, सुरंगी फुलते ती फार तर एप्रिलपर्यंत. लहान मोत्यांसारख्या कळ्या, पहाटे झाडावर चढून काढायच्या आणि ऊन वर यायच्या आत गुंफायच्या. वास असा की खोलीतलं सेटिंग स्प्रे हरलं. ताई वळेसार लावताना बोटं आधी पुसून घेतात. फुलांना मेकअप लागलेला त्यांना चालत नाही.

मुंडावळ्या बांधल्या. नथ. चंद्रकोर. आत्या आल्या, समोरून बघितलं, बाजूने बघितलं, मग मान बघितली. काही बोलल्या नाहीत. जाताना पदराने डोळे टिपले की घाम, ते चित्रातून कळत नाही.

मंडपातलं चित्रीकरण आम्ही केलं नाही.

(दृश्य : विहिरीजवळ, ब्रश धुताना)

ब्रश धुतायत. विटकरी, पिवळं, नारिंगी पाणी दगडावरून माडाच्या आळ्याकडे जातंय. फोन वाजतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातलं लग्न, मालवणकडचं. पलीकडची मुलगी पॅकेज विचारतेय, एचडी की एअरब्रश विचारतेय. ताई ओला हात साडीला पुसतात आणि फोन खांद्यात धरतात.

“ते सगळं सांगते. आधी हळद कधी लावणार ते सांग. रात्री की सकाळी?”