हाय पार्कमधलं हंसांचं कुटुंब

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी मे ते ऑगस्ट मी टोरंटोला लेकीकडे होते. तिच्या घराजवळ हाय पार्क नावाची भलीमोठी बाग आहे. बागेच्या पश्चिमेला ग्रेनेडियर पाँड हे तळं, आणि तिथे रानहंसांचा राबता. त्यांना कॅनडा गूज म्हणतात. काळीभोर मान, हनुवटीखालून दोन्ही गालांवर गेलेला पांढरा पट्टा. हिवाळ्यात आपल्या भिगवणला, जायकवाडीला येतात ते पट्टकादंब यांचेच नातलग.

पहिल्याच दिवशी एक नर माझ्या अंगावर धावून आला. मान जमिनीलगत ताणलेली, चोच उघडी, आणि सापासारखा फूत्कार. मी घाबरून मागे सरले, तेव्हा काठच्या झुडपात अंड्यांवर बसलेली मादी दिसली. अंडी एकटी मादीच उबवते, 25 ते 28 दिवस. नर तेवढे दिवस पहारा देतो. मग मीही रोज लांबच्या बाकावर जाऊन बसू लागले.

एका सकाळी घरटं रिकामं! पोटात धस्स झालं. पण पाण्यात बघते तर आई पुढे, बाप मागे आणि मधे पाच पिवळी पिल्लं. अंड्यातून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांतच ती पोहायला लागतात. आई-बाप त्यांना भरवत नाहीत. पिल्लं आपापली गवत खुडतात. पिल्लं चरत असताना एकाची तरी मान उभीच असते. बहुतेक वेळा बापाची.

जूनमध्ये मोठ्यांची उडायची पिसं एकदमच गळतात आणि महिनाभर त्यांनाही उडता येत नाही. म्हणून तर त्यांना बागेतली हिरवळ आवडते. आखूड गवतात शत्रू लांबून दिसतो, आणि पाणी दोन पावलांवर असतं. लोक त्यांच्या विष्ठेवरून चिडतात, आणि घाण होते हेही खरं. पण शहरात दिसणारी ही थोराड जात नामशेष झाली, असंच एके काळी तज्ज्ञ मानत होते. 1962 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रोचेस्टरच्या तळ्यावर तिचा थवा ओळखला गेला. हे कळल्यापासून मी पायाखाली बघून चालायचे, पण तक्रार केली नाही. एक विनंती मात्र करते: अशा पक्ष्यांना पाव घालू नका. त्यांचं अन्न गवत आहे.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. पिल्लं आता आई-बापाएवढी झाली होती. बापाने डोक्याला झटके द्यायला सुरुवात केली, गालावरचा पांढरा पट्टा लखलखायचा. उडायच्या आधी हे हंस असंच एकमेकांना विचारतात. आईने मान झटकली, मग एकेका पिल्लाने. धाकटं वाटणारं एक अजून चरत होतं. सगळे थांबले. त्यानेही डोकं वर केलं, दोनदा झटकलं, आणि सातही जण एकदम पाण्यावरून उठले.


नमस्कार.